काळ्या मातीतलं कुंपण आणि त्यातली ढोरं

कुंपण घालायचं म्हटलं की माणूस आधी तारेचा भाव विचारतो. त्याआधी विचारायचं ते हे, की आत काय ठेवणार? गाय छातीने रेटते. म्हैस अंग घासते. बकरी जाळीवर पुढचे पाय टाकून चढते आणि तिचं पिल्लू सहा इंचांच्या फटीतून सहज निघून जातं. बाहेरून येणाऱ्यांचीही तऱ्हा वेगवेगळी: रानडुक्कर खालून उकरतं, रोही (नीलगाय) वरून उडी मारतं नाहीतर ढिल्या तारांमधून घुसतं, मोकाट कुत्री मिळेल त्या भोकातून येतात. नागपूर जिल्ह्यात हिंगणा, काटोल, कळमेश्वर, उमरेड, कुही या बाजूला एक-दोन एकरांत चार ढोरं पाळणारे पुष्कळ आहेत. पुढचा हिशेब त्यांच्यासाठीच: एक एकर चराई, एक-दोन गाई, दहाएक बकऱ्या.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे कुंपण तारेत कमी आणि मातीत व कोपऱ्यात जास्त फसतं. आणि आतलं जनावर कुंपण तोडतं तेव्हा दहातले आठ वेळा कारण गव्हाणीत असतं.

खड्डे खणण्याआधी हद्द बघा. धुऱ्याचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. खांब गाडल्यावर निघालेली चूक फार महाग पडते. हद्द निर्विवाद असली तरी खांबांची ओळ आपल्या बाजूला दीड-दोन फूट आत धरा. बाहेरून गवत कापायला तेवढी वाट लागतेच, नाहीतर दर पावसाळ्यात शेजाऱ्याच्या वावरात उभं राहून विळा चालवावा लागतो. पांदण रस्ता अडवू नका.

जमिनीचा आकारही खिशाला लागतो. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तुकडा चौकोनी असेल तर बाजू साधारण २०९ फूट आणि घेर ८३५ फूट. तोच एकर १०० फूट रुंद आणि ४३५ फूट लांब असेल तर घेर १,०७० फुटांवर जातो. दहा फुटांवर एक खांब धरला तर पहिल्याला ८४ आणि दुसऱ्याला १०७ खांब लागतात. भावाभावांच्या वाटण्यांत निघालेल्या पट्ट्या बहुतेक लांबटच असतात, म्हणून 'एकराला इतका खर्च' असा कोणी सांगितलेला आकडा तसाच धरू नका. आपला घेर दोरीने मोजा.

तार किलोवर मिळते आणि लागते मीटरवर. दुकानात दहा मीटर तार मोजून वजन करायला लावा आणि त्यावरून हिशेब बांधा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक: १२ गेज म्हणजे सुमारे २.६ मिमी, १४ गेज म्हणजे २ मिमी. '१२ गेज' म्हणून १४ ची तार देणं अवघड नसतं, तेव्हा व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) सोबत न्या. जस्ताचा मुलामा पातळ असलेली तार दोन पावसाळ्यांत लाल पडते. गोठ्याजवळ, जिथे मूत्र आणि शेणाची ओल कायम असते, तिथे ती आधी जाते.

आता माती. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. हे दरवर्षी होतं, आणि दरवर्षी खांब थोडा हलतो. पहिल्या वर्षी काही दिसत नाही. तिसऱ्या वर्षी ओळच्या ओळ कललेली असते आणि लोक म्हणतात खांब खराब निघाले. खांब खराब नसतात, खड्डा उथळ असतो. दीड फुटांचा खड्डा पूर्णपणे हलणाऱ्या थरात बसतो. बऱ्याच वावरांत दोन-अडीच फुटांवर मुरूम लागतो. खांबाचं बूड तिथपर्यंत गेलं पाहिजे. नदीनाल्याकाठच्या खोल काळीत मुरूम लागतच नाही. तिथे अडीच-तीन फूट खाली जा आणि खड्डा बुडाशी रुंद, तोंडाशी अरुंद ठेवा. उलटा खड्डा, म्हणजे तोंड पसरट आणि बूड निमुळतं, हा मजुराच्या हाताला सोपा पडतो आणि खांबाला सगळ्यात वाईट.

खांब आठ फुटांचा घेतला आणि अडीच फूट गाडला तर वर साडेपाच फूट राहतो. सात फुटांच्या खांबात हा हिशेब बसत नाही, म्हणून काळ्या मातीत आठ फुटीच घ्यावा. सिमेंटचा खांब घेताना टोक बघा: चार सळया दिसल्या पाहिजेत आणि त्या कडेला उघड्या पडलेल्या नसाव्यात. हातोडीने हलकं ठोकून बघा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत पोकळ किंवा कच्चा. ओतल्यापासून निदान तीन आठवडे पाणी मारलेला खांब असावा. कच्चे खांब ट्रॅक्टरमधून उतरवतानाच मधोमध चिरतात, आणि ती बारीक चीर पुढच्या पावसाळ्यात सळईला गंज लावते.

खड्ड्यात खणलेली काळी मातीच परत ढकलू नका. मुरूम आणि गिट्टी मिसळून सहा-सहा इंचांचे थर द्या, आणि प्रत्येक थर सब्बलीच्या बोथट बाजूने किंवा धुम्मसाने ठोकून घट्ट करा. सगळा मुरूम एकदम टाकून वरून ठोकलं तर वरचे सहा इंच घट्ट होतात आणि खाली पोकळ राहतं. मधल्या खांबांना एवढं पुरतं. काँक्रीट कोपऱ्यांना, फाटकाच्या खांबांना आणि जिथे ओळ वळते तिथे लागतं: एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार गिट्टी. तेही जमिनीच्या वरपर्यंत भरू नका. वरचे सहा इंच मुरमाचे ठेवून खांबापासून बाहेर उतार द्या. काँक्रीटचा गड्डा वरपर्यंत आला की फुगणारी माती त्याला धरून वर उचलते आणि खांब दरवर्षी बोटभर वर येतो.

हे काम दिवाळीनंतर करा, नोव्हेंबर-डिसेंबरात. माती तेव्हा खणायला मऊ असते, चिकट नसते. मे महिन्यात तीच दगडासारखी होते, आणि भेगांमध्ये गाडलेला खांब पहिल्या दोन पावसांत सैल होतो. उन्हाळ्यातच काम निघालं तर आदल्या संध्याकाळी खड्ड्याच्या जागी दोन घमेली पाणी ओता, सकाळी खणा, आणि मृगाचे दोन-तीन पाऊस झाल्यावर प्रत्येक खांबाशी परत जाऊन भेगेत मुरूम भरून ठोका.

कोपऱ्याचा खांब हा कुंपणाचा कणा. सगळ्या तारांचा ताण त्याच्यावर येतो, म्हणून त्याला टेकू लागतो, आणि टेकू कुठल्या बाजूला लावायचा यात कायम घोळ होतो. तार जिकडे ओढते त्याच बाजूला, म्हणजे कुंपणाच्या ओळीत, तिरपा खांब लावायचा. त्याचं वरचं टोक कोपऱ्याच्या खांबाच्या साधारण पाऊण उंचीवर आणि बूड ओळीत पाच-सहा फूट पुढे. तार ओढली की कोपरा टेकूवर रेलतो आणि टेकू जमिनीत दाबला जातो. बाहेरून लावलेला टेकू दिसायला भक्कम असतो, पण तार ओढताच तो खांबापासून सुटा होतो आणि नुसता उभा राहतो. कोपऱ्यात दोन दिशांनी ओढ असते, म्हणजे टेकूही दोन. टेकूच्या बुडाखाली सपाट दगड द्या, नाहीतर तो ओल्या मातीत खचत जातो. सरळ ओळीत दर दहाव्या खांबाला दोन्ही बाजूंनी टेकू द्यावा.

ताणाचं गणित नागपुरात मुद्दाम करावं लागतं, कारण मे महिन्याची दुपार ४५ अंशांवर आणि डिसेंबरची पहाट दहाच्या आसपास असते. लोखंडी तार या ३५ अंशांच्या फरकाने दर शंभर मीटरला चार सेंटीमीटरहून थोडी जास्त आखडते. मे महिन्यात कडक ताणलेल्या अडीच मिलीमीटरच्या एकेरी तारेवर थंडीत त्यामुळे सुमारे ४० किलोचा जादा ताण येतो. काटेरी तार दुहेरी असते. पिळामुळे ताण थोडा कमी धरला तरी पाच ओळींचा मिळून तीनेकशे किलोंचा ओढा एका कोपऱ्यावर बसतो. म्हणून कोपरे हिवाळ्यात कलतात, आणि डिसेंबरात ताणलेली तार मे महिन्यात झोळ पाडते. इलाज साधा आहे: प्रत्येक ओळीच्या एका टोकाला टर्नबकल (फिरवून ताण कमी-जास्त करायचा पेच) लावा. होळीनंतर दोन-तीन फेरे घट्ट, दिवाळीनंतर तेवढेच सैल.

ताणायला रॅचेट पुलर (तार थोडी-थोडी ओढून धरणारं दातेरी हत्यार) वापरा. ट्रॅक्टरला बांधून ओढलेली तार मर्यादेपलीकडे ताणली जाते, मग ती कायमची लांबते, आणि मधेच तुटली तर समोरच्याचा चेहरा फोडते. ताण पुरेसा झाला का, हे दोन खांबांच्या मधोमध तळव्याने दाबून बघा: दोनेक इंच आत जाऊन लगेच परत आली पाहिजे. मधल्या खांबांना तार बाइंडिंग वायरने बांधताना आवळू नका, ती आतून सरकली पाहिजे. आवळून बांधली तर एका जागी बसलेला धक्का तिथेच अडतो आणि तिथेच तार तुटते.

गाई-म्हशींना पाच ओळींची काटेरी तार चालते: जमिनीपासून १०, २०, ३१, ४३ आणि ५६ इंचांवर. खालच्या तारा जवळ-जवळ, वरच्या लांब. दुभत्या गाईला, तिची कास लोंबती असेल तर, खालच्या दोन ओळी बिनकाट्याच्या द्या. बकऱ्यांना मात्र काटेरी तार देऊच नये. तिने बकरी थांबत नाही, फक्त कान आणि सड फाटतात. त्यांना चार फुटी जाळी, दोन-तीन इंचांच्या भोकांची, आणि वर एक साधी तार. भोक चार ते सहा इंचांचं असलं की शिंगवाली बकरी डोकं बाहेर काढते आणि शिंगं अडकून परत आत घेऊ शकत नाही. अशी अडकलेली बकरी उन्हात दोन तास राहिली तर मरते, किंवा कुत्री तिला तिथेच फाडतात. तिला पिळून काढू नका. पक्कड घ्या आणि तार कापा. सारखी अडकणारी एखादी असतेच. तिच्या दोन शिंगांवर फूटभर लांबीची काडी चिकटपट्टीने आडवी बांधून ठेवली की डोकं भोकात जात नाही.

जाळीची खालची कड जमिनीला टेकलेली हवी. जिथे डुकरांची ये-जा आहे तिथे खालची सहा इंच जाळी बाहेरच्या बाजूला वळवून त्यावर दगड रचा, आणि नाल्याच्या उतारावर खाली फट राहते तिथे वेगळा तुकडा लटकवा, जो पुराच्या पाण्याने उचलला जाईल. नाल्यात मुख्य जाळी उतरवली तर पहिल्याच पुरात काडीकचरा अडकून दोन्हीकडचे खांब सोबत जातात.

आता ज्या गोष्टीकडे कोणी बघत नाही ती. कुंपणाचं काम झाल्यावर गवतात राहिलेले तारेचे तुकडे. बाइंडिंग वायरचा बोटभर तुकडा, खिळा, काट्याचं टोक. बकरी निवडून खाते, तिच्या तोंडात हे सहसा जात नाही. गाय जिभेने गवताचा झुबका ओढते आणि न चावता गिळते. तुकडा जाळीपोटात जाऊन बसतो. तिथून हृदय चार बोटांवर असतं, आणि पोटाच्या प्रत्येक हालचालीला टोक पुढे सरकतं. गाय रवंथ कमी करते, दूध एकाएकी उतरतं, पाठीची कमान होते, कोपरं अंगापासून लांब धरते, उतारावरून खाली यायला नको म्हणते. गळ्याखाली, दोन पायांच्या मधे, सूज आली की बहुतेक वेळ निघून गेलेली असते. म्हणून कमरेला डबा बांधून काम करा: कापलेला प्रत्येक तुकडा डब्यात. काम संपलं की जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी फिरवा. पहिल्या फेरीत काय काय चिकटतं ते बघाच. ज्यांच्याकडे बांधकाम चालू आहे त्यांनी पशुवैद्यकाकडून गाईच्या पोटात चुंबक सोडून घ्यावं. ते आयुष्यभर तिथेच राहतं.

काटेरी तारेने झालेली जखम पावसाळ्यात सोडून देऊ नका. माश्या बसून दोन-तीन दिवसांत आसाडी (आळ्या) पडते. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुवा, आळ्या दिसल्या तर टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळ ठेवून चिमट्याने एकेक काढा, वर माश्या न बसू देणारं मलम लावा. जखम खोल असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

झटका मशीनबद्दल. सौर कुंपणाचं यंत्र दर सेकंदाला साधारण एक झटका सोडतं. व्होल्ट हजारांत, पण क्षण इतका छोटा की जनावर दचकून मागे होतं, मरत नाही. घरातली वीज थेट तारेत सोडणं ही वेगळीच गोष्ट आहे. तो प्रवाह सलग असतो, पकडलेला हात सुटत नाही. विदर्भात याने दरवर्षी माणसं मरतात. अनेकदा घरचंच माणूस, पहाटे पाणी द्यायला गेलेलं. वाघ-बिबट मेला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा, आणि आकडा टाकून घेतलेल्या विजेचा वीज कायद्याखाली वेगळा. यावर चर्चा करण्यासारखं काहीच नाही.

यंत्र चांगलं घेतलं आणि अर्थिंग कंजूषपणे केलं, तर पैसे पाण्यात. झटका तारेतून जनावराच्या अंगात, अंगातून जमिनीत आणि जमिनीतून यंत्राच्या अर्थिंगला परत, असा फिरतो. सहा फुटी तीन जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) सळया एकमेकींपासून दहा फुटांवर, पूर्ण गाडलेल्या, एकाच सलग तारेने जोडलेल्या. मार्च ते जूनमध्यापर्यंत वरची माती इतकी कोरडी असते की हा फेरा पुरा होत नाही आणि बकरी आरामात तार ओलांडते. त्या काळात सळयांच्या बुडाशी आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओता. शिवाय तारांची रचना बदला: एक ओळ झटक्याची, एक अर्थिंगला जोडलेली, अशा एकाआड एक. म्हणजे दोन तारांना एकदम अंग लागलं की जमीन कोरडी असली तरी झटका बसतो. काटेरी तारेत झटका कधीही सोडू नका. अडकलेलं जनावर सुटूच शकत नाही.

पावसाळ्यात उलटा त्रास. तरोटा आणि गाजरगवत तारेला टेकलं की झटका त्यातूनच जमिनीत उतरतो. टेस्टरने कुंपणाचं सगळ्यात लांबचं टोक मोजा. तिथे ४,००० व्होल्टच्या खाली आलं तर बाजूचं गवत कापायची वेळ झाली. पोळ्याच्या सुमारास आठवड्यातून एकदा हे करावंच लागतं. गवत न टेकताही व्होल्ट पडत असेल तर फुटका इन्सुलेटर शोधा: अंधार पडल्यावर ओळीने चाला, टक-टक आवाज येतो आणि बारीक ठिणगी दिसते. बॅटरी सावलीत, हवा खेळेल अशा पेटीत ठेवा. मे महिन्यात पत्र्याच्या बंद पेटीत ती शिजते. डिस्टिल्ड पाण्याची पातळी महिन्याला बघा. गडगडाट सुरू झाला की यंत्राची तार सोडवून ठेवा.

सजीव कुंपणाला घाई चालत नाही, पण स्वस्त दुसरं काही नाही. सागरगोटा डुकराला थांबवतो. बी दगडासारखं असतं, एका बाजूने खडबडीत दगडावर घासून आतला भाग दिसला की रात्रभर पाण्यात ठेवा, मगच मृगात लावा. दोन ओळी, फूटभर अंतराने, एकमेकींच्या मधल्या जागी. गच्च व्हायला तीन-चार वर्षं, आणि नंतर दरवर्षी छाटणी, नाहीतर तो आपल्याच वावरात घुसतो. करवंद, चिल्हार, घायपातही चालतात. गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या जाड, पाच-सहा फुटी फांद्या जूनमध्ये गाडल्या की फुटतात आणि वर्षभराने जिवंत खांब मिळतो, वर पाला वेगळा. बाभूळ-बोरीच्या काट्या खोचून केलेली डागडुजी तात्पुरतीच समजा. वाळवी एका पावसाळ्यात खाऊन टाकते.

फाटकाचे तीन नियम. बिजागरीचा खांब सगळ्यात जाड आणि तीन फूट खोल. ट्रॅक्टर येणार असेल तर रुंदी बारा फूट. पल्ल्याचा आडवा तिरपा पाइप बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यातून कडीच्या वरच्या कोपऱ्याकडे जावा. तिरपी तार लावणार असाल तर नेमकी उलट, बिजागरीच्या वरून कडीच्या खाली, कारण पाइप दाब सोसतो आणि तार फक्त ओढ. हे उलटसुलट केलेली फाटकं वर्षभरात जमीन घासायला लागतात, मग कोणीतरी कंटाळून ती उघडीच ठेवतं.

आता आतलं. चांगल्या कुंपणाला रोज धडका देणारी गाय बहुधा भुकेली, तहानलेली, माजावर आलेली किंवा खनिजं कमी पडलेली असते. खांब चाटणं, चिंध्या-हाडं चघळणं हे फॉस्फरस कमी असल्याचं लक्षण. गाईला रोज ५० ग्रॅम आणि बकरीला १० ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण, शिवाय मिठाची वीट टांगलेली, एवढ्यावर बरीच कुंपणं वाचतात. बोकड वेगळ्या कप्प्यात ठेवताना मधे दोन जाळ्या, चार फुटांच्या अंतराने. एका जाळीला तो आठवड्यात वाकवतो.

एक एकर गवतावर गाय वर्षभर पोसत नाही, हे आधीच मान्य करा. जुलै ते नोव्हेंबर चराई, पुढे कडबा, तुरीचं-हरभऱ्याचं कुटार, थोडा नेपियर आणि सुबाभूळ. ३०-३५ किलोच्या बकरीला दिवसाला तीन-साडेतीन किलो हिरवा चारा, पाऊण-एक किलो कुटार, दोनशे-अडीचशे ग्रॅम खुराक. पाणी एरवी चार-पाच लिटर. मे महिन्यात दुभत्या गाईला ६० ते ८० लिटर लागतं. टाकं सावलीत हवं. उन्हात तापलेलं पाणी जनावर पीत नाही, आणि मग शेजारच्या विहिरीच्या दिशेने कुंपण मोडतं. त्या दिवसांत चराई पहाटे आणि संध्याकाळी, अकरा ते पाच गोठ्यात, भिंतीला ओली पोती.

चराईचे सहा भाग करा, प्रत्येकात पाच दिवस. महिनाभराने पहिल्या भागात परत. याचं कारण गवताइतकंच जंतही आहेत. लेंडीतली अंडी पावसाळी उबेत साधारण चार-सात दिवसांत बकरीला लागण करणाऱ्या अळ्या होतात आणि गवताच्या खालच्या दोन-तीन इंचांत राहतात. म्हणून गवत चार इंचांच्या खाली खाऊ देऊ नका, दव असताना सोडू नका, पाच दिवसांत हलवा. डोळ्याची खालची पापणी उलटून बघायची सवय लावा: लालगुलाबी चांगली, पांढुरकी म्हणजे रक्तपित्या जंतांनी पोखरलेली. औषध वजन करून द्या. अंदाजाने कमी दिलेल्या डोसाने जंत मरत नाहीत, फक्त निर्ढावतात. गाभण बकरीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको. भागांच्या मधल्या कुंपणाला गाईसाठी कमरेएवढ्या उंचीवर झटक्याची एक दोरी पुरते. बकऱ्यांसाठी चार ओळी लागतात, आणि आधी दोन दिवस छोट्या कप्प्यात झटका दाखवून सवय करावी लागते. कुसळी गवत असेल तर कुसळं धरायच्या आत कापा. ती हिरड्यांत आणि डोळ्यांत जातात.

पावसाळ्याआधी, मे अखेरपर्यंत, लसी टोचून घ्या: गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्या, बकऱ्यांना आंत्रविषार, पहिल्यांदा देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी परत. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा. बकऱ्यांना पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) तीन वर्षांतून एकदा. कानात बारा अंकी बिल्ला असू द्या, सरकारी नोंद त्यावरच होते. दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन लावला की फिरतं पथक येतं. हा नंबर फाटकावर रंगवून ठेवा, कारण गाय शेजारच्या गुडघ्याएवढ्या कोवळ्या किंवा पावसाने ताण दिलेल्या ज्वारीत घुसली, तर हातात तासच असतो, कधी तेवढाही नाही. अशा ज्वारीत सायनाइड तयार होतं. गाय थरथरायला लागली, श्वास जोराने चालू झाला की घरगुती काढे करत बसू नका.

फेब्रुवारीत जाळपट्टी काढा. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून जंगलाकडेला पाला पेटवतात आणि आग वाळल्या गवतातून वावरात येते. कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी सहा-सहा फूट गवत काढून टाका. आगीतून गेलेल्या तारेचं जस्त जळतं आणि तार मऊ पडते. दिसायला शाबूत असली तरी ती ताण धरत नाही, बदलावीच लागते.

पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला यांच्या बाजूला राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: बिबट्याला कुंपण अडवत नाही. त्याला रात्रीचा कोठा अडवतो. चारही बाजूंनी आणि छपराखालीही जाळी, कुठेही चार इंचांपेक्षा मोठी फट नाही, दाराला आतून न उघडणारी कडी. बकरीमागे आत दहा-बारा चौरस फूट जागा धरा. मोकाट कुत्र्यांनाही हाच कोठा पुरतो, आणि त्यांनी मारलेल्या बकऱ्या बिबट्याने मारलेल्यांपेक्षा जास्तच असतील. तरीही वाघ-बिबट्याने जनावर मारलंच, तर ते जागेवरून हलवू नका, कातडं काढू नका, ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा. जनावराचा, जखमेचा आणि पाऊलखुणांचा फोटो लगेच काढून ठेवा, पाऊलखुणांवर उलटं घमेलं झाकून ठेवा. पंचनामा होईपर्यंत एखादी सर येऊन गेली तर दाखवायला मागे तेवढंच राहतं.